क्लच वायरचा की ब्रेक ऑइलचा? जुनी गाडी नव्याने हाताळणाऱ्यांसाठी

हौसेने जुनी गाडी घेतलेला माणूस पहिल्या दोन-चार महिन्यांत एका वाक्यावर हमखास येतो: "रिव्हर्स टाकताना करकर वाजतं, क्लच गेला वाटतं." मग गिअरबॉक्स खाली उतरतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असं सगळं नवं पडतं, गिअरबॉक्स पुन्हा वर चढतो आणि गाडी पुन्हा तशीच करकरते. कारण दोष आत नव्हताच. पायाचा जोर पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर काहीतरी ताणलं होतं, गळत होतं नाहीतर अडकलं होतं. मी स्वतः असाच एक अख्खा रविवार गिअरबॉक्सखाली पाठ टेकून घालवलाय. ती गोष्ट पुढे येईल.

हा लेख त्या वाटेबद्दल आहे. ती दोन प्रकारची असते: एक वायरची, दुसरी हायड्रॉलिक, म्हणजे नळीतल्या ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारी. लक्षणं वरवर सारखी दिसतात, पण एकाच लक्षणाचा अर्थ दोन्हींत वेगळा निघतो, कधी कधी तर चक्क उलटा. म्हणून पाना हातात घेण्याआधी आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे बघायचं.

आधी बघा, काय आहे

बॉनेट उघडा आणि ड्रायव्हरच्या पायांसमोर येणाऱ्या फायरवॉलकडे, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे, बघा. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरशेजारी तसाच पण लहान सिलिंडर आणि त्यावर ब्रेक ऑइलची छोटी डबी दिसली तर क्लच हायड्रॉलिक आहे. डबी दिसली नाही म्हणून लगेच वायर समजू नका. काही गाड्यांत, उदाहरणार्थ मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ मध्ये, क्लचला ब्रेकच्याच डबीतून नळी जाते. फायरवॉलमधून काळं जाड आवरण असलेली वायर बाहेर येऊन वळसा घेत गिअरबॉक्सकडे जात असेल तर ती क्लच वायर. फोक्सवॅगन बीटलसारख्या मागे इंजिन असलेल्या गाडीत पुढे काहीच दिसणार नाही, कारण तिथे वायर गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागे जाते.

बीटल, सिट्रोएन टू सीव्ही, मारुती ८०० या वायरवाल्या. १९५९ ची मूळ मिनी, एमजीबी, जग्वार ई-टाइप या हायड्रॉलिक. मॉरिस मायनरला दोन्ही नाही, तिथे सळ्या आणि तरफा आहेत. गाडीच्या नावावरून मात्र ठरवू नका. पोर्श ९११ ला १९८६ पर्यंत वायर होती आणि १९८७ च्या मॉडेलपासून, गिअरबॉक्स बदलला तेव्हा, हायड्रॉलिक आलं. शिवाय जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय काय उद्योग करून ठेवलेत ते बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही.

आत दोन्हीकडे तेच

इंजिनाबरोबर फिरणारं फ्लायव्हील, त्याला प्रेशर प्लेटने दाबून धरलेली क्लच प्लेट, आणि प्लेटच्या मधोमध गिअरबॉक्सचा शाफ्ट. दाब देते ती स्प्रिंग, बहुतेक गाड्यांत बशीसारखी डायफ्राम स्प्रिंग, तिच्या बोटांसारख्या पाकळ्या मध्याकडे वळलेल्या. पेडल दाबलं की फोर्क, म्हणजे गिअरबॉक्सपाशी असलेली तरफ, हलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग पाकळ्या दाबतं आणि प्लेट सुटी होते. पाय काढला की स्प्रिंग पुन्हा प्लेट आवळते.

दोनच गोष्टी बिघडू शकतात. प्लेट पुरती सुटत नाही, म्हणजे क्लच "कट होत नाही". किंवा ती पुरती आवळली जात नाही, म्हणजे क्लच "स्लिप होतो".

कट होतो का ते असं तपासा: इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पेडल पूर्ण दाबा, मनात पाच मोजा, मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बहुतेक जुन्या गाड्यांत सिंक्रो (गिअरचे वेग आधी जुळवून देणारी रचना) नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. पाच मोजल्यावरही करकर आली तर प्लेट अजून फिरते आहे. स्लिपसाठी मोकळ्या सपाट जागेत हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देत पाय हळूहळू काढा. इंजिन गचका देऊन बंद पडायला हवं. ते चालूच राहिलं तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर ठीक असलेली प्लेटही जळेल.

वर्ष-दोन वर्षं एका जागी उभी राहिलेली गाडी असेल तर एक तिसरी शक्यता असते: गंजाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. तिथे पेडल नेहमीसारखं लागतं, फोर्क हलतो, पण गिअर पडतच नाही. त्यात वायरचा दोष नाही आणि ब्रेक ऑइलचाही नाही.

वायरचा क्लच

सायकलच्या ब्रेकची वायर ज्याने हाताळली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. आत पिळाची वायर, बाहेर कडक आवरण. आत ओढ बसते तेव्हा आवरणावर तितकाच दाब येतो, म्हणून आवरणाची दोन्ही टोकं पक्की टेकलेली असावी लागतात. हे नवखे लोक विसरतात आणि फक्त आतल्या वायरकडे बघत बसतात. फायरवॉलच्या पत्र्याला आवरण टेकतं तिथे पत्रा थकून चिरला असेल, तर पायाचा अर्धा जोर पत्रा वाकवण्यातच जातो. कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेटखाली डोळा लावा. पत्रा श्वास घेतल्यासारखा पुढे-मागे होत असेल तर नवी वायर घालून काही उपयोग नाही. हायड्रॉलिक गाडीतही मास्टर सिलिंडर त्याच पत्र्याला बसतो, तिथेही हे बघून घ्या.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पेडलवर थोडी मोकळीक ठेवावी लागते. पाय टेकवल्यावर सुरुवातीचे काही मिलिमीटर पेडल हलकं जातं आणि मग जोर लागायला लागतो. ही मोकळीक म्हणजे बेअरिंग आणि पाकळ्यांमधलं अंतर. पेडलची तरफ ५:१ आणि फोर्कची २:१ धरली, तर पेडलवरचे २० मिमी म्हणजे बेअरिंगपाशी अवघे २ मिमी. तेवढ्यावर सगळा खेळ.

वायर ताणली की मोकळीक वाढते. पेडल बरंच खाली जाईपर्यंत काही होत नाही आणि गिअर करकरतो. हे कुणालाही पटतं. पण प्लेट झिजली की मोकळीक कमी होते, वाढत नाही. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते, आणि पाकळ्यांची टोकं उलट बेअरिंगकडे बाहेर येतात. अंतर मिटतं. ते पूर्ण मिटलं की पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग पाकळ्यांना दाबून राहतं आणि क्लच स्लिप व्हायला लागतो. अशा वेळी "क्लच ढिला झालाय, वायर आवळू" म्हणून कुणी नट फिरवला तर शेवटची घटका जवळ आणली म्हणून समजा. स्लिप होणाऱ्या वायरच्या क्लचला पहिला उपाय वायर सैल करणं हा आहे. सैल करून स्लिप थांबला तर अजून थोडे दिवस मिळाले. सैल करूनही थांबला नाही, तर मात्र प्लेटच संपली आहे किंवा तिच्यावर तेल आलं आहे.

मोकळीक जुळवण्याचं काम पंधरा मिनिटांचं आहे. पेडलशेजारी जमिनीवर पट्टी उभी धरा. हाताने, पायाने नव्हे, पेडल हलकेच दाबत जा आणि बोटाला जिथे अडल्यासारखं लागेल तिथवरचं अंतर मोजा. बऱ्याच गाड्यांत ते १५ ते २५ मिमीच्या घरात असतं, बीटलला १० ते २० मिमी, पण तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण माना. मग गिअरबॉक्सच्या टोकाला आटे असलेला तुकडा आणि त्यावर दोन नट दिसतील. एक जुळवायचा, दुसरा त्याला अडवून धरणारा. अडवणारा सोडा, जुळवायचा अर्धा-अर्धा फेरा फिरवा, प्रत्येक वेळी पेडल दोन-तीनदा पूर्ण दाबून पुन्हा मोजा. नट फिरवताना वायर स्वतःभोवती पिळू देऊ नका, टोक पकडीत धरा. बीटलला तिथे हाताने फिरवायचा पंखांचा नट असतो, त्याचे पंख खाचेत नीट बसले का ते बघायचं. त्याच गाडीत वायरच्या नळीला मुद्दाम २५ ते ४५ मिमीचा झोळ ठेवलेला असतो. "लोंबते आहे" म्हणून तो सरळ केला की क्लच सोडताना गाडी थरथरते.

मात्र हे सगळं स्वतः जुळवून घेणाऱ्या वायरला लागू नाही. १९८० च्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत पेडलच्या वर एक दातेरी चकती आणि खटका असतो. वायर जशी ताणेल तसा तो एकेक दात पुढे सरकतो. अशा गाडीत पेडलवर मोकळीक नसणं हेच बरोबर असतं आणि बेअरिंग सतत हलकं टेकलेलं असतं. त्या काळातल्या फोर्ड मस्टँगमध्ये ही चकती प्लास्टिकची होती आणि तिचे दात झिजणं ही तिची ठरलेली खोड. दात घसरला की पेडल एकदम खाली जातं, पुन्हा दाबलं की ठीक होतं. असं अधूनमधून होत असेल तर टॉर्च घेऊन पेडलखाली डोकं घाला आणि आधी ती चकती बघा.

*वायर बदलताना*

पेडल दिवसेंदिवस जड होत असेल तर वायर आतून उसवते आहे. पिळाची एकेक तार तुटते, वळून आवरणात घासते आणि पेडल खरखरीत लागतं. बहुधा हे टोकापाशी होतं, जिथे वायर दर वेळी वाकते. तुटलेल्या तारांची चार टोकं दिसली तर त्याच आठवड्यात बदला.

जुनी वायर काढण्याआधी तिच्या वाटेचे फोटो काढा. टोकाला मजबूत दोरा बांधा आणि वायर ओढून काढताना दोरा मागे राहू द्या. नवी त्याच दोऱ्याने ओढून आणली की वाट चुकत नाही. कुठेही काटकोनी वळण नको आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळून जाणं नको. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या नव्या वायरीला तेल-ग्रीस घालू नका, धूळ धरून चिकट लगदा होतो. ग्रीस लावायचं ते फक्त टोकांना, पेडलच्या हुकाला आणि फोर्कच्या खोबणीला. नवी वायर सुरुवातीला थोडी बसते, म्हणून दोन-तीनशे किलोमीटरनंतर मोकळीक पुन्हा मोजा.

नवी घातलेली वायर महिन्याभरात जड झाली, किंवा तिचं आवरण वितळल्यासारखं दिसलं, तर दोष क्लचमध्ये शोधू नका. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी लागते. ती गंजली किंवा तुटली की स्टार्टरचा सगळा करंट परतायला दुसरी धातूची वाट शोधतो. ती वाट म्हणजे क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची वायर. मी अशी एक वायर हातात घेतली आहे: बाहेरून धडधाकट, आत कोळशासारखी काळी, अस्तर वायरलाच वितळून चिकटलेलं. स्टार्टर मारत असताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचं ऋण टोक यांत मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर आधी अर्थिंग बदला, नंतर वायर.

हायड्रॉलिक क्लच

इथे वायरच्या जागी द्रव आहे. पेडल मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतं, द्रव नळीतून गिअरबॉक्सकडे जातो, तिथला स्लेव्ह सिलिंडर फोर्क ढकलतो. नळी कशीही वळवा, घर्षण वाढत नाही. म्हणूनच पेडल आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये बरीच अडचण असलेल्या गाड्यांत हे सोयीचं पडतं.

जोर आणि अंतर यांचा हिशेब सिलिंडरच्या व्यासांवर चालतो. मास्टर १५.८७ मिमी आणि स्लेव्ह १९.०५ मिमी असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर साधारण १.४४ येतं. म्हणजे जोर १.४४ पट, पण अंतर तितकंच कमी: मास्टर ३० मिमी गेला तर स्लेव्ह जेमतेम २१ मिमी. हे सांगायचं कारण असं की "मिळाला तो" स्लेव्ह बसवलेल्या गाड्या नेहमी दिसतात. मोठा स्लेव्ह बसला की पेडल लोण्यासारखं हलकं लागतं, मालक खूश होतो, आणि रिव्हर्स पडत नाही. अशी गाडी कितीही वेळा ब्लीड केली, म्हणजे नळीतली हवा काढली, तरी सुधारत नाही. सिलिंडरवर व्यास बहुधा ओतलेला असतो, तो वाचा.

बहुतेक हायड्रॉलिक क्लचची खुबी म्हणजे प्लेटची झीज ते गुपचूप भरून काढतात. पाकळ्या बाहेर आल्या की स्लेव्हचा पिस्टन तितकाच मागे सरकतो आणि जादा द्रव वर डबीत परत जातो. पेडल आयुष्यभर तसंच लागतं. म्हणजे वायरवाली गाडी जे पेडलमधून आधीच सांगते, ते ही गाडी प्लेट पार संपेपर्यंत कळू देत नाही. मला याच कारणासाठी वायर जास्त आवडते, पण तो आवडीचा भाग झाला.

त्यातून एक उपयोगी खूण मिळते. ब्रेकच्या डबीतली पातळी पॅड झिजतात तशी खाली जाते आणि ते नैसर्गिक आहे. क्लचच्या वेगळ्या डबीतली पातळी झिजेने खाली जाऊच शकत नाही, झाली तर किंचित वर जाईल. म्हणून ती उतरली असेल तर कुठेतरी गळतंय, दुसरं कारण नाही. "थोडं कमी झालं होतं, भरून टाकलं" असं जो सांगतो, त्याने गळती शोधायचं काम पुढे ढकललेलं असतं.

आणखी एक बारीक जागा. पाय काढल्यावर मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे यायला हवा, कारण तेव्हाच डबीकडे जाणारं छोटं छिद्र उघडतं. त्यासाठी पेडलची सळी आणि पिस्टन यांत जेमतेम जाणवेल इतकी फट ठेवतात. नव्या मास्टरची सळी कुणी जास्त लांब करून बसवली तर छिद्र झाकलेलंच राहतं. इंजिन तापलं, द्रव फुगला, जायला जागा नाही, मग तो स्लेव्हला ढकलतो आणि पाय न लावता क्लच अर्धा दाबला जातो.

*गळती कुठे शोधायची*

पहिल्यांदा पेडलखालची मॅट उचला. सळीवरून ओघळ उतरून मॅट ओली असेल तर मास्टरचं सील गेलं. मग गाडीखाली, जॅकवर नव्हे, स्टँडवर टेकवलेल्या गाडीखाली, स्लेव्हच्या तोंडावरची रबरी टोपी बोटाने किंचित मागे घ्या. आतून थेंब आला तर स्लेव्ह गेला. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवतीच बसवलेला असतो. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून पातळ ओघळ येतो आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नसतो.

बाहेर सगळं कोरडं, पातळी जागच्या जागी, तरीही सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलं की गाडी हळूहळू पुढे सरकू पाहते? मग मास्टरच्या आतलं सील द्रवाला मागच्या मागे सोडतंय. पेडल दोन-तीनदा भराभर मारल्यावर गिअर पडत असेल तर बहुधा हवा शिरली आहे. डबीतला द्रव काळा असेल तर ते काळं म्हणजे झिजलेलं रबर. सिलिंडर उघडायची वेळ आली आहे.

*हवा काढणं, म्हणजेच ब्लीडिंग*

डबीच्या झाकणावर जे लिहिलं असेल तेच घाला. बहुतेक ठिकाणी डॉट ३ किंवा डॉट ४. बोलताना आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते ग्लायकॉल आहे, तेल नव्हे. चुकून इंजिन ऑइल पडलं तर सगळी रबरी सीलं फुगून निकामी होतात. उलट सिट्रोएनच्या हायड्रॉलिक गाड्यांचं हिरवं द्रव खनिज तेलाचं असतं, तिथे ब्रेक ऑइल चालत नाही. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते इतरांत मिसळू नका, डॉट ५.१ मात्र पुन्हा ग्लायकॉलचंच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि त्या पाण्याने सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडतात, म्हणून दर २ वर्षांनी बदलायचं आणि अर्धी उघडी राहिलेली जुनी बाटली वापरायची नाही. रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

१. आदल्या संध्याकाळी स्लेव्हच्या निपलवर (हवा सोडायच्या पोकळ स्क्रूवर) गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. घाईने पिळलेलं निपल तुटलं की नवा स्लेव्ह आणावा लागतो.

२. डबीतलं जुनं काळं द्रव पिचकारीने ओढून घ्या, फडक्याने तळ पुसा, नवं भरा.

३. निपलवर आधी रिंग पाना अडकवा, मग पारदर्शक नळी चढवा. नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा.

४. साथीदार पेडल सावकाश खाली नेतो आणि म्हणतो "दाबलंय". तुम्ही निपल पाव-अर्धा फेरा उघडता, बुडबुडे जातात, तुम्ही बंद करता आणि म्हणता "सोड". हा क्रम उलटा झाला की हवा परत आत जाते. साथीदार मोबाइलवर बोलत असेल तर काम उद्यावर टाका.

५. दर पाच-सहा वेळा डबी भरा. तळ दिसला की पुन्हा एकपासून.

एवढं करूनही पेडल पोकळ लागलं तर हवा नळीच्या उंच वळणात किंवा स्लेव्हच्या वरच्या कोपऱ्यात अडकली आहे. क्लचमध्ये द्रव इतका थोडा हलतो की ती खाली रेटली जात नाही. अशा वेळी मी स्लेव्हचे दोन बोल्ट सोडतो, नळी तशीच ठेवून नळीचा जोड सगळ्यांत वर येईल असा तो धरतो आणि पिस्टन हाताने हळूहळू आत ढकलतो. हवा स्वतःच वर डबीत निघून जाते, बुडबुडे फुटताना दिसतात. स्लेव्ह सुटा असताना पेडलला कुणीही पाय लावायचा नाही, पिस्टन उडून हातात येतो. निपलमधून पिचकारीने खालून वर द्रव भरणं हाही चांगला मार्ग आहे, फक्त डबी ओसंडू देऊ नका.

शेवटी स्लेव्हची सळी पेडल दाबल्यावर किती सरकते ते पट्टीने मोजा. व्यासांचा हिशेब वर दिलाच आहे. सळी त्या हिशेबाप्रमाणे सरकत असेल आणि तरीही गिअर करकरत असेल, तर दोष आत आहे. गिअरबॉक्स उतरवण्याची परवानगी मी इथे देतो, आधी नाही. आणि उतरवलाच तर आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने टिपा.

*त्या रविवारची गोष्ट*

सकाळी गाडी झकास. अर्धा-पाऊण तास गर्दीत चालवली की चौथ्या गिअरमध्ये इंजिन नुसतंच ओरडायचं, वेग वाढायचा नाही. स्लिप म्हणजे प्लेट, असं म्हणून मी गिअरबॉक्स उतरवला. प्लेट चांगली जाड निघाली. मन मानेना, तरी नवी घातली, कारण एवढं उघडलंच आहे. दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाने तेच.

मग एका जुन्या मिस्त्रींनी फोनवर एवढंच विचारलं, "स्लिप होत असताना निपल उघडून बघितलंस का?" रस्त्याच्या कडेला गाडी लावली, खाली शिरून निपल किंचित उघडलं. पाय पेडलवर नसताना द्रवाची चिळकांडी कोपरापर्यंत उडाली आणि क्लच तत्क्षणी पकडला. नळीत दाब अडकून बसला होता. मास्टरकडचा जोड सोडून पाहिला तर तिथे दाब नव्हता, म्हणजे छिद्र ठीक होतं. दोषी निघाला तो स्लेव्हजवळचा वीतभर रबरी होज. बाहेरून नवाकोरा दिसत होता, पण कापून पाहिला तर आतलं रबर सुजून भोक सुईएवढं झालेलं. पायाच्या जोराने द्रव पुढे जायचा, पण परत यायला स्प्रिंगचा जोर पुरत नव्हता. तेव्हापासून जुनी हायड्रॉलिक गाडी हातात आली की मी होज न विचारता बदलतो.

वायर काढून हायड्रॉलिक बसवू का?

हा प्रश्न येतोच. माझं उत्तर बहुधा नाही. कारखान्याने पेडलची तरफ, फोर्कची लांबी आणि स्प्रिंगचा जोर एकमेकांना जुळवून ठरवलेला असतो. त्यात वेगळ्या व्यासाचे सिलिंडर घुसवले की एकतर कट होत नाही, नाहीतर पाकळ्या गरजेपेक्षा जास्त दाबल्या जाऊन स्प्रिंगच बिघडते. पेडल जड आहे ही तक्रार असेल तर आधी नवी वायर, पेडलच्या पिनचं बुश आणि फोर्कचा टेकू तपासा. या तिघांना साफ करून ग्रीस लावल्यावर बऱ्याच लोकांची हायड्रॉलिकची हौस फिटते. इंजिनच बदललं आणि वायरला सरळ वाटच उरली नाही, तर गोष्ट वेगळी.

वाटेत वायर तुटली तर

वायर सांगून तुटत नाही, हा तिचा दोष मी मान्य करतो. पेडल एकाएकी खाली पडतं आणि वर येत नाही. घाबरायचं कारण नाही. गाडी धावत असेल तर ॲक्सिलरेटरवरून पाय थोडा उचला आणि गिअरचा दांडा हलक्या हाताने ओढा, तो न्यूट्रलला सुटतो. कडेला थांबा, इंजिन बंद करा.

पुढे समोर मोकळी, सपाट जागा असल्याची खात्री करा. आजूबाजूला माणसं असतील तर हा उद्योग नको. इंजिन बंद असताना पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा, किल्ली फिरवा. स्टार्टरच गाडीला दोन-तीन हिसके देत पुढे नेतो आणि इंजिन चालू होतं. वेग आला की पाय उचलून न्यूट्रल करा. इंजिनाचा आवाज थोडा खाली येऊ द्या आणि दांडा दुसऱ्याकडे बोटांनी टेकवून धरा. इंजिनाचा आणि चाकांचा वेग जुळला की गिअर आपोआप आत सरकतो. जोर लावलात तर करकरेल. जोर लावायचाच नाही, वाट बघायची. दुसऱ्यावरच घरी या, सिग्नल दुरून दिसला की आधीच रेंगाळा. थांबावंच लागलं तर न्यूट्रल, इंजिन बंद, आणि पुन्हा पहिल्यात किल्ली. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू न देणारा स्विच पेडलपाशी असतो. तुटलेल्या वायरीचं पेडल तळाला पडलेलं असलं तर तो बहुधा दाबलेलाच असतो, नसेल तर पेडल पायाने तळाला धरून ठेवा.

घरी पोचल्यावर वायर काढून तुटलेलं टोक नीट बघा. सगळ्या तारा चकचकीत असतील तर ती एकाच झटक्यात गेली. अर्ध्या काळ्या-गंजलेल्या आणि चारच चकचकीत असतील, तर बाकीच्या कित्येक महिने आधी तुटल्या होत्या आणि त्या चार तारांवर तुम्ही इतके दिवस गाडी चालवत होता.